माळ मोकळा नाही, हे कागदावर आणताना

आमच्या गायरानावर सौर प्रकल्प येणार असल्याचा जाहीरनामा चावडीवर लागला, तेव्हा हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती आणि ज्यांचं पोट त्या गायरानावर चालतं ती माणसं कोकणात होती. दिवाळी झाली की माण, खटाव, फलटणकडचे मेंढपाळ वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पिढ्यान्‌पिढ्या हा फेरा चालू आहे. हिवाळ्यात-उन्हाळ्यात आमच्या माळावर कुणी आलं तर त्याला वाळकं गवत आणि दगड दिसतात. माणूस दिसत नाही, मेंढरू दिसत नाही. जागा पाहायला आलेल्यांनाही तेच दिसलं होतं.

मी माण तालुक्यातली. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात पशुसखी म्हणून काम करते. शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं, आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसीकरणाला डॉक्टरांसोबत दारोदार फिरायचं, गाभण जनावरांची नोंद ठेवायची. त्यामुळे कुणाच्या दावणीला काय आहे आणि ते कुठं चरतं, हे मला ठाऊक असतं. हे सगळं लिहिते आहे ते आजूबाजूच्या गावांतून वरचेवर फोन येतात म्हणून. जत, आटपाडीकडूनही येतात. प्रश्न एकच असतो: तुम्ही काय काय केलं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सौरऊर्जेला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. शेतीला रात्रीची लाइट असते तेव्हा काय हाल होतात ते आम्ही भोगलेलं आहे. माझे मालक रात्री दोनला विजेरी घेऊन मोटार चालू करायला जातात आणि ते घरी येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. साप, विंचू, थंडी, सगळंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणार असेल तर ती आम्हाला हवीच आहे. प्रश्न जागेचा होता. या योजनेत वीज उपकेंद्राजवळची सरकारी जमीन नाममात्र एक रुपया भाड्यानं देता येते. खासगी जमीन घ्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं द्यावं लागतं, आणि ते दर वर्षी वाढतं. एका मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात. मग प्रकल्पवाल्यांची नजर आधी गायरानावर जाणार, हे उघड आहे.

शिवाय प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात. आमच्या पंचायतीचं उत्पन्न पाहता ही रक्कम लहान नाही. सरपंच प्रकल्पाच्या बाजूनं होते, त्यामागं हेच कारण होतं, आणि त्यात मला वाईट काही दिसत नाही. शाळेचं छत गळत होतं. बागायतदार म्हणत होते दिवसा लाइट येतेय तर येऊ द्या. मेंढपाळ गावात नव्हते. म्हणजे पहिल्या बैठकीत गायरानाच्या बाजूनं बोलणारे आम्ही चौघं-पाचजण होतो, त्यांतही शेळ्या पाळणाऱ्या बायकाच जास्त.

आता त्या माळाविषयी. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना कास पठार आठवतं, महाबळेश्वर आठवतं. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत तिथं गर्दी आवरायला लागते. त्याच जिल्ह्यात आम्ही पूर्वेला राहतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो, आमच्याकडे पाचशेच्या आसपास झाला तरी बरं साल म्हणायचं. इतक्या पावसावर दाट जंगल होत नाही, गवत होतं. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी. श्रावणात हा माळ गुडघाभर असतो. त्या गवतावर खिल्लार वाढली आणि मेंढी जगली. दुष्काळात चारा छावण्या उघडायच्या आधी पहिला आधार हाच असतो. तरीही केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशांत असले गवताळ माळ पडीक म्हणून रंगवलेले आहेत. कुणी अधिकारी कार्यालयात बसून नकाशा पाहणार, त्याला आमचं गायरान रिकामं वाटलं तर नवल नाही.

माळावर गवताइतकंच महत्त्वाचं आणखी एक काम आहे. पाणी अडवण्या-जिरवण्याच्या वॉटर कप स्पर्धेत आमचा तालुका २०१७ मध्ये उतरला. पुढच्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. आम्हाला बक्षीस मिळालं नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस श्रमदान करून गायरानावर सलग समतल चर काढले. म्हाताऱ्या बायकांनी पाट्या उचलल्या. चरांतून मुरलेलं पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना येतं, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रकल्पाच्या आराखड्यात तोच उतार सपाट करायचा होता.

खरं सांगायचं तर गाव फिरलं ते या चरांमुळे. पाखरांमुळे नाही, मेंढ्यांमुळेही नाही. खालच्या शिवारातल्या बागायतदारांना मी एकच विचारलं, "आण्णा, चर बुजले तर तुमच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी ऱ्हाईल का? आन्‌ विहिरीत पाणी नसंल तर दिवसा लाइट घेऊन उपसायचं काय?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आमच्या अर्जावर सही केली आणि आणखी सह्या गोळा करून दिल्या.

मग कायदा शोधला. तालुक्याच्या गावातल्या एका वकील ताईंनी पैसे न घेता समजावून सांगितलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गावच्या गुरांना मोफत चरण्यासाठी जमीन राखून ठेवतात. त्याला २०१७ मध्ये कलम २२-अ जोडलं गेलं. त्यात म्हटलंय की गायरान दुसऱ्या वापराला वळवता येणार नाही. सरकारच्या सार्वजनिक प्रकल्पाला द्यायचंच असेल तर त्यासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसली पाहिजे. त्याआधी २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल कडक निकाल दिला होता आणि राज्य सरकारनं १२ जुलै २०११ ला त्यावर शासन निर्णय काढला होता. आम्ही या तिन्हींच्या प्रती काढून फाइलला लावल्या. ताई म्हणाल्या, "भावना मांडा, पण त्यांच्यासोबत कागद मांडा. अधिकाऱ्याला निर्णय द्यायला आधार लागतो. तो तुम्ही पुरवा."

हरकतीचा अर्ज मुदतीत दिला आणि त्याची शिक्क्यानिशी पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका, हे मी प्रत्येक फोनवर सांगते. प्रस्तावाची पूर्ण फाइल माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून मागितली. ती हातात पडली तेव्हा स्थळपाहणीच्या अहवालात 'सदर जमीन सध्या वापरात नाही' असं वाक्य होतं. त्या एका वाक्याला उत्तर देण्यात आमचे पुढचे कित्येक महिने गेले.

वापर दाखवायचा तर जनावरांचा आकडा हवा. शेळ्या-गाईंचा माझ्या वहीतून निघाला. मेंढ्यांचा निघेना. मेंढपाळ मेंढरांचा आकडा सहसा सांगत नाहीत, नजर लागते म्हणतात. आमच्या वाड्यावरचे थोरले आबा तेव्हा रायगडच्या बाजूला होते. त्यांना फोन लावला.

"आबा, मेंढरं किती हायती?"

"मेंढरं मोजायची न्हाईत, पोरी. लक्ष्मी हाय ती."

"तुमी सांगितलं न्हाई तर सरकार शून्य लिहून मोकळं हुईल. मग पावसाळ्यात वाडा कुठं बसवायचा?"

पलीकडं खूप वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग त्यांनी आकडा सांगितला, आणि म्हणाले, "घोडीबी ल्ही. बिऱ्हाड तिच्याच पाठीवर असतंय." तो तक्ता आमच्या हरकतीतला सगळ्यात जड कागद ठरला: कुटुंब, जनावर, संख्या, कोणत्या महिन्यात माळावर, कोणत्या महिन्यात बाहेर, कुणाच्या शेतात खतासाठी वाडा बसतो. शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला. मेंढ्या रानात बसवून खत घेणारे शेतकरी वेगळे, मेंढपाळ वेगळे. पण माळ गेला तर नुकसान दोघांचं होतं.

विशेष ग्रामसभा मागितली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं लागतात. सभेच्या आदल्या दिवशी महिलांची सभा झाली आणि तिथंच ठरावाचा मसुदा पक्का झाला. काही मेंढपाळ रातोरात एसटी बदलत बदलत गावी आले, सही करून सकाळी परत गेले. ठरावात आम्ही 'प्रकल्पाला विरोध' असं लिहिलं नाही. 'गायरानाच्या वरच्या अंगाचं, चर व कुरण असलेलं क्षेत्र वगळावं, पर्यायी जागेचा विचार करावा, मेंढपाळांची वहिवाट खुली ठेवावी' असं लिहिलं. यावरून आमच्यातच बरीच वादावादी झाली. काही तरुण पोरांना सरसकट नकार हवा होता. मला तो पटला नाही, कारण दिवसाची वीज मागणारे आमच्याच भावकीतले होते.

जैवविविधता नोंदवहीचाही उपयोग होईल असं वाटलं होतं. जैविक विविधता कायदा २००२ चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत त्याखाली समिती असते आणि लोकांनी मिळून आपल्या गावच्या वनस्पती, प्राणी, परंपरागत ज्ञान यांची नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर राज्यभर ही कामं घाईनं उरकली गेली. आमचीही वही कपाटातून निघाली. कुणीतरी बाहेरच्या संस्थेनं करून दिलेली. तिच्यात शेकरू होता, दाट जंगलातल्या झाडांवर राहणारी मोठी खार. माणच्या उघड्या माळावर शेकरू! लांडगा नव्हता, माळटिटवी नव्हती, एकाही गवताचं नाव नव्हतं. मला ती वही हातात धरून फार वाईट वाटलं. जे आमचं आहे ते त्यात नव्हतं, आणि सरकारदरबारी तीच आमची ओळख होती.

ती नव्यानं करायला घेतली. शेजारच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी विद्यार्थी आणले, पाखरांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायला शिकवलं. पण नावं आली ती मेंढपाळांकडून आणि शेळ्या राखणाऱ्या पोरांकडून. पखुर्डी कुठं पाण्यावर उतरते, धाविक अंडी कुठं घालतो, खोकडाचं बीळ कोणत्या बांधाला आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. हिवाळ्यात भोवत्या येतात आणि संध्याकाळी गवतातच मुक्कामाला उतरतात. हे पक्षी मध्य आशियाकडून इतक्या लांबून येतात हे सरांनी सांगितलं तेव्हा पोरं थक्क झाली. लांडग्याबद्दल आबांना विचारलं. "दर साली चार-दोन कोकरं न्हेतोच. त्येचा वाटा हाय त्यो," एवढंच म्हणाले. लांडगा आणि चिंकारा दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. वनरक्षकांनी ठसे पाहून पंचनाम्यासारखी नोंद करून दिली, तीही फाइलला लागली.

याच सुमारास कुणीतरी सुचवलं की आटपाडीसारखं वन्यजीवांसाठीचं संवर्धन राखीव क्षेत्र करून टाका. आटपाडीचं २०२३ मध्ये झालं, ९.४८ चौरस किलोमीटरचं. आमच्या खटावकडे मायणीचंही झालं आहे. सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी बोलून असं क्षेत्र जाहीर करता येतं. मला ते आकर्षक वाटलं. मेंढपाळांनी मात्र ठाम नकार दिला. वन खात्याकडे जमीन गेली की आज ना उद्या चराईबंदी येते, ही त्यांची भीती आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. त्यांचं म्हणणं मी मानलं. माळ राखायचा तो चरणाऱ्यांसकट. गायरान म्हणूनच तो राहावा, हा आमचा निर्णय झाला आणि मला तो अजूनही बरोबर वाटतो.

माळ कुणा एका गावाचा नसतो. आमच्या गायरानाला लागून दोन गावांची गायरानं, पुढं वनखात्याची कुरणं, त्यापलीकडं आणखी गावं. मेंढरांच्या वाटा या सगळ्यांतून जातात. म्हणून बिरोबाच्या देवळात भोवतालच्या गावांची बैठक बोलावली. सुरुवातीला थोडे आले, पुढं वाढत गेले. प्रत्येक गावानं आपापला जनावरांचा तक्ता करायचा, गटवारी नकाशावर वाटा आणि पाणवठे आखायचे, असं ठरलं. नकाशे एकमेकांना जोडून भिंतीला लावले तेव्हा मेंढपाळांची वाट पहिल्यांदा सलग दिसली. ती ज्या ज्या ठिकाणी कुंपणानं तुटणार होती तिथं आम्ही लाल खुणा केल्या.

सुनावणी प्रांत कार्यालयात झाली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कलम २२-अ तुम्ही दाखवताय. मग दुसरी योग्य सरकारी जमीन कोणती, ते सांगता का?"

याची तयारी आम्ही ठेवली होती. तलाठ्याकडं गाव नमुना १-ब असतो, बिनभोगवट्याच्या म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही. तिच्यातून आम्ही डांबरी रस्त्यालगतची जुनी दगडखाणीची जमीन काढली होती. तिथं गवत नाही, चर नाहीत, उपकेंद्रही जवळ. ती पुरत नव्हती, म्हणून शेजारच्या दोन भावांची मुरमाड जमीन भाड्यानं द्यायची तयारी लेखी घेतली होती. त्या भावांना कोरडवाहू बाजरीतून जे मिळतं त्यापेक्षा हेक्टरी सव्वा लाख कितीतरी जास्त. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

दुसरी मागणी होती पुन्हा स्थळपाहणीची, आणि ती पावसाळ्यात. यासाठी सगळ्यात जास्त पाठपुरावा करावा लागला. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. अखेर भाद्रपदात मंडल अधिकारी, तलाठी, वीज कंपनीचे अभियंते आणि प्रकल्पवाले एकत्र आले. त्या दिवशी माळावर वाडे बसलेले होते. वाघरी म्हणजे कुंपणाच्या जाळ्या लावलेल्या, कोकरं कोंडलेली, बायका चुलीवर भाकरी करत होत्या. चरांत पाणी होतं. अभियंता तरुण होता, सोलापूरकडचा. त्यानं स्वतःहून विचारलं की वाडे दर वर्षी इथंच असतात का. मी तारखेसकट काढलेले फोटो दाखवले. आबांनी त्याला दूध दिलं. पंचनाम्यावर मेंढपाळांच्या सह्या-अंगठे घेतले गेले, आणि 'वापरात नाही' हे वाक्य त्यात पुन्हा आलं नाही.

निकाल पूर्णपणे आमच्या बाजूनं लागला असं म्हणता येणार नाही. वरचं क्षेत्र, चरांसकट, वगळलं गेलं. दगडखाण आणि त्या दोन भावांची जमीन प्रकल्पात गेली. पण रस्त्याकडचा गायरानाचा एक तुकडाही गेला, त्यावर चांगला मारवेल होता. तिथून जाणारी वाट कुंपणाच्या कडेनं वीस फूट मोकळी ठेवायची, असं लेखी घेतलं आहे. पॅनेल धुवायला गावच्या तलावातलं पाणी उपसायचं नाही, हेही. ही अट पाळली जाते का, ते आम्ही पाहतो आहोत.

शेजारच्या एका गावाची हरकत मुदतीत गेली नाही. त्यांचं जवळजवळ सगळं गायरान जाळीच्या आत गेलं. त्यांची जनावरं आता आमच्या माळावर येतात आणि त्यांना नाही म्हणायला कुणाचं तोंड होत नाही. गवतावर ताण वाढला आहे. म्हणून यंदा बिरोबाच्या बैठकीत ठरवलं की माळाचे तीन भाग करून एक भाग बेंदरापासून, म्हणजे पावसाळ्यातल्या बैलांच्या सणापासून, दसऱ्यापर्यंत राखायचा, म्हणजे गवताचं बी पडेल. मेंढपाळांना हे जड आहे, कारण नेमके तेच महिने ते गावी असतात. तरी त्यांनी मान्य केलं. राखलेल्या भागातलं कापलेलं गवत आधी त्यांना आणि शेजारच्या गावाला द्यायचं, अशी तोड निघाली. ती किती टिकते ते दसऱ्याला कळेल.

आता खटावच्या हद्दीतल्या आणखी एका गावात जाहीरनामा लागला आहे. तिथल्या पशुसखीला मी तक्त्याचा कोरा नमुना, २२-अ ची प्रत आणि आमचा ठराव पाठवला. नमुना १-ब ची नक्कल तिनं कालच काढली. तिथले मेंढपाळ अजून चिपळूणच्या बाजूला आहेत. त्यांचे फोन नंबर आबांकडून घेऊन तिला दिले आहेत.